प्ले डो आणि मिठाची कणीक: सामान तेच, वस्तू दोन

सुट्ट्या लागल्या की ठाण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘घरच्या घरी क्ले’ची रेसिपी फिरायला लागते. मैदा, मीठ, पाणी, झालं. दोन दिवसांनी तक्रारी सुरू. एकीच्या लेकाने हौसेने केलेला हत्ती वाळता वाळता पाठीत चिरला. दुसरीचा गोळा रात्रीत पाणी सोडून चिकट झाला. प्रमाण चुकलं, असं दोघींनाही वाटतं. बहुतेक वेळा प्रमाण ठीकच असतं, करायची होती एक वस्तू आणि रेसिपी असते दुसरीची.

मैदा आणि मिठातून दोन निराळ्या गोष्टी होतात. एक प्ले डो. तो मोडायचा, पुन्हा मळायचा आणि मऊच राहायला हवा. दुसरी सॉल्ट डो, आपण तिला मिठाची कणीक म्हणू. तिच्यापासून आकार करायचा, वाळवायचा, रंगवायचा आणि ठेवून द्यायचा. मोदकाची उकड आणि पोळीची कणीक यांच्यात जो फरक आहे, तोच इथे आहे: पहिली वस्तू शिजवलेली, दुसरी कच्ची.

प्ले डोसाठी एक कप मैदा, अर्धा कप बारीक मीठ, एक कप पाणी, एक मोठा चमचा तेल आणि दोन चहाचे चमचे क्रीम ऑफ टार्टर (बेकिंगमध्ये वापरतात ती आंबट पांढरी पूड). ते मिळालं नाही तर एका मोठ्या लिंबाचा रस चालतो. रंग घालायचा असेल तर तो पाण्यातच मिसळायचा. सगळं गुठळ्या न होऊ देता कालवून नॉनस्टिक कढईत मंद आचेवर ठेवायचं. ॲल्युमिनियमची कढई नको, मीठ आणि आंबट एकत्र आले की ती खराब होते. सुरुवातीला हे मिश्रण घावनाच्या पिठासारखं पातळ दिसतं आणि दोन-तीन मिनिटं काहीच होत नाही. मग तळाशी जाड पापुद्रे धरायला लागतात, ते खरवडत राहायचं. बघता बघता सगळं कडा सोडून कालथ्याभोवती गोळा होतं आणि हलवताना हात भरून येतो. बोटाला चिकटेनासं झालं की गॅस बंद. इथे घाई झाली की आतला मैदा कच्चा राहतो आणि गोळा कितीही मळला तरी हाताला लागतोच. कोमट झाल्यावर तेलाच्या हाताने चांगला मळून घ्यायचा.

शिजताना मैद्यातलं स्टार्च पाणी पिऊन फुगतं आणि ते पाणी धरून ठेवतं, मऊपणा येतो तो त्यामुळे. तेलाने गोळा लवकर सुकत नाही, आंबटाने मैद्याची चिवट ओढ कमी होते, आणि मीठ बुरशीला लांब ठेवतं. कच्च्या मैद्यात जंतू असू शकतात, त्यामुळे हात सारखा तोंडात घालणाऱ्या वयासाठी शिजवलेलाच बरा. बाजारातला प्ले-डो अमेरिकेतल्या सिनसिनाटीमध्ये १९५६ साली खेळणं म्हणून आला. त्याआधी तो कोळशाच्या काजळीने काळवंडलेले वॉलपेपर पुसायचा गोळा होता. वाळून टणक व्हावं, ही अपेक्षा त्याच्याकडून कधीच नव्हती.

मिठाच्या कणकेत तेल नाही, आंबट नाही, गॅस नाही. दोन कप मैदा, एक कप बारीक मीठ आणि लागेल तसं पाऊण ते एक कप पाणी. पुरीच्या पिठाइतकं घट्ट भिजवायचं आणि दहा मिनिटं मनापासून मळायचं. गव्हाचं पीठही चालतं, फक्त रंग मातकट येतो. खडे मीठ मात्र नको. ते नीट विरघळत नाही, पृष्ठभाग खरखरीत होतो आणि पोरांच्या हाताला कुठे खरचटलेलं असलं तर झोंबतं. आकार अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जाड करू नका. टांगायचा असेल तर भोक ओलं असतानाच स्ट्रॉने पाडून ठेवा. ओटीजीमध्ये १०० अंशांवर दोन-तीन तास, मध्ये एकदा उलटून. आच वाढवली की पुरीसारखे फुगे येतात. वाळलंय का ते पाठीमागून बघायचं: मधला भाग गडद दिसला तर आत अजून ओल आहे. नखाने वाजवल्यावर टक् असा कोरडा आवाज यायला हवा.

आता हत्ती का चिरला ते कळेल. प्ले डोमध्ये पाणी बरंच जास्त असतं, ते उडालं की गोळा आकसतो आणि फुटतो. शिवाय तेलामुळे वरचा रंगही नीट धरत नाही. ज्या रेसिपीत ‘तेल घाला’ आणि ‘दोन दिवस उन्हात वाळवा’ ही दोन्ही वाक्यं असतील, ती कुणीतरी दोन रेसिप्या जोडून बनवली आहे असं खुशाल समजा.

यापुढचा प्रश्न खास आपल्या खाडीकाठचा. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच ओलं व्हायला लागतं. जुलै-ऑगस्टमध्ये ठाणे काय आणि वाशी-नेरूळ काय, हवा बहुतेक वेळ त्या रेषेच्या वरच असते. मुलुंड-भांडुपच्या मिठागरांमध्येही मीठ धरायचं ते कोरड्या महिन्यांत, पावसाळ्यात नाही. तर मग गॅलरीत ठेवलेली कणकेची चांदणी कशी वाळणार? ओव्हनमध्ये वाळवून काढलीत तरी उघडी राहिली की आठवड्याभरात हाताला दमट लागते आणि पोस्टर कलर ओघळतो. म्हणून माझं सरळ मत: पावसाळ्यात प्ले डो करा, मिठाची कणीक ऑक्टोबर हीटपासून पुढे. ॲक्रिलिक रंग द्या आणि वर वॉर्निशचे दोन हात. मागची बाजू आणि भोकाची आतली कडासुद्धा सोडू नका, ओल तिथूनच शिरते.

प्ले डोलाही पावसाळा बाधतो, पण तो सावरता येतो. चिकट झाला तर चमचाभर मैदा लावून मळा, एसीच्या खोलीत कडक झाला तर ओल्या हाताने. श्रीखंडाच्या रिकाम्या प्लास्टिकच्या डब्यात घट्ट झाकण लावून ठेवला तर काही आठवडे सहज जातात. वास बदलला किंवा ठिपके दिसले की फेकून द्या.

दोन्हीकडे सांभाळायची गोष्ट मीठ. स्वयंपाकघरातल्या सामानाचं आहे म्हणून पोटात गेलं तरी चालतं, हा समज चुकीचा आहे. वरच्या प्रमाणाने केलेल्या प्ले डोच्या ३० ग्रॅमच्या गोळीत जवळजवळ ८ ग्रॅम मीठ असतं. मोठ्या माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी खावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. वाळलेल्या कणकेत तर निम्म्याहून जास्त मीठच. चव इतकी खारट असते की मूल बहुधा थुंकून टाकतं, पण दीड-दोन वर्षांच्या मुलाला एकट्याला देऊ नका. घरात कुत्रा असेल तर वाळवायला ठेवलेले आकार त्याच्या तोंडाला लागणार नाहीत असे ठेवा. कुत्र्यांना यातून मिठाची विषबाधा होते. गव्हाची ॲलर्जी असलेल्या मुलासाठी मैद्याऐवजी तांदळाचं पीठ घेता येतं. गोळा थोडा ठिसूळ होतो इतकंच.

दुकानात कांड्यांच्या रूपात मिळणारी रंगीत क्ले ही तिसरीच वस्तू. ती तेलकट असते, वाळतच नाही आणि घरी करायच्या भानगडीत पडू नये.

दिवाळीच्या किल्ल्यासाठी मावळे करायचे असतील तर मिठाची कणीक चांगली. नाकडोळे, ढाल-तलवार छान उठतात आणि ऑक्टोबरच्या उन्हात वाळतातही. पण किल्ल्याच्या मातीवर आपण हळीव पेरतो आणि रोज पाणी शिंपडतो, त्यामुळे चौथ्या दिवशी मावळ्यांचे पाय विरघळायला लागतात. त्यांना आधी बाटलीच्या झाकणावर चिकटवा आणि मग तटावर उभे करा. गडाच्या पायथ्याशी, जिथे पाणी साचतं, तिथे शाडूचेच मावळे ठेवा.