पत्र्याखालचा पफ: शीतगृहातून घराच्या छतापर्यंत

कोल्हापुरात ज्यांच्याकडे उष्णता अडवणारा पॉलीयुरेथेन फोम, म्हणजे ‘पफ’, फवारायचं यंत्र असतं, ते ठेकेदार बहुतेक करून शेडची आणि कोल्ड स्टोरेजची कामं करत आलेले असतात. त्यामुळे घरमालकाला जो दर, जी जाडी आणि जो सल्ला मिळतो, तो शीतगृहाच्या हिशेबाचा असतो. घराचा हिशेब वेगळा आहे, आणि तो का वेगळा आहे हे पाहायला थोडं मागे जावं लागतं.

१९३७ साली जर्मनीत लेव्हरकुसेनला ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलीयुरेथेन तयार केलं. (कंपनीचं नाव बायर आणि यांचंही बायर, नातं काही नाही.) त्याचा एक घटक आयसोसायनेट; या रसायनाला पाणी लागलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि माल फुगतो. सुरुवातीला हा दोषच मानला जाई. पुढे त्याच बुडबुड्यांवर सगळा धंदा उभा राहिला. १९६३ मध्ये अमेरिकेत फ्रेड गुस्मर यांनी फोम फवारण्यासाठी खास यंत्र आणलं आणि १९७३ च्या तेलटंचाईनंतर तिकडे घरं बंदिस्त करण्याची निकड वाढली. तिथली घरं लाकडी चौकटींची. भिंतींच्या फटींतून गार वारा आत येतो. फोमचं मुख्य काम त्या फटी बुजवून ऊब आत राखण्याचं. आपल्याकडे भिंत विटेची नाहीतर दगडाची, खिडक्या वर्षातला बराच काळ उघड्या, आणि त्रास येतो तो वरून.

जुन्या कोल्हापुरी घराने त्यावर तोड काढलेली होती. कौलारू छप्पर, खाली माळा, आणि मधल्या हवेला कौलांच्या फटींतून बाहेर पडायला वाट. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात सुरू केलेल्या कारखान्यातून आलेली सपाट कौलंही याच पद्धतीने बसत. मग सिमेंट आलं, ‘स्लॅबचं घर’ ही ऐपतीची खूण झाली, आणि माळा गेला. पाच इंची स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री दहापर्यंत खोलीत सोडत राहतो. ज्यांना स्लॅब परवडला नाही त्यांनी वरच्या मजल्यावर पत्रा टाकला. तो दुपारी भाजतो, पावसात कानठळ्या बसवतो आणि हिवाळ्यात पहाटे आतून घाम धरून टपकतो.

पॉलीयुरेथेन आपल्या भागात रुळलं ते मुख्यतः दुधाबरोबर. कोल्हापूर जिल्हा दूध संघ, म्हणजे गोकुळ, १९६३ मध्येच स्थापन झाला. दूध थंड ठेवायचं तर कूलर, टँकर, गोदाम सगळ्यालाच आवरण लागतं. शीतगृहांत आधी थर्माकोल डांबरावर चिकटवत. सांध्यांतून ओल शिरली की त्याची निरोधक ताकद जाई. नंतर दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेलं पफ पॅनेल आलं आणि कारागिरांच्या तोंडी ‘पफ’ बसलं. शीतगृहात बाहेर ३८ अंश आणि आत २ अंश, हा फरक चोवीस तास टिकतो, म्हणून ८० ते १०० मिलिमीटर जाडी लागते. घराच्या स्लॅबवर तापमानाचा फरक दुपारचे काही तास असतो आणि रात्री संपतो. तरीही ७५ मिलिमीटरचा आग्रह धरणारे भेटतात.

आकड्यांत पाहा. उघड्या पाच इंची स्लॅबमधून उष्णता जाण्याचा दर, म्हणजे यू-व्हॅल्यू, साधारण ३.५ वॅट प्रति चौरस मीटर प्रति अंश. घरांच्या ऊर्जाबचतीसाठी केंद्राने केलेल्या २०१८ च्या इको निवास संहितेत छताला १.२ ची मर्यादा आहे. चांगला बंद पेशींचा (ज्याचे बुडबुडे एकमेकांत उघडत नाहीत असा) फोम २५ मिलिमीटर दिला तरी हा दर ०.८ च्या आसपास येतो, ४० ला ०.५५, ७५ ला ०.३२. पहिल्या इंचाने बहुतेक काम होतं; पुढच्या प्रत्येक इंचाचा फायदा कमी आणि पैसे तेवढेच. एसी नसलेल्या घराला २५ ते ४० मिलिमीटर पुरे, असं आमचं मत. आणि गच्चीवर आधीच चायना मोझॅक किंवा पांढरा परावर्तक रंग असेल, तर आधी तोच नीट करून एक उन्हाळा काढून बघावा.

१००० चौरस फूट म्हणजे ९३ चौरस मीटर गच्ची, ४० मिलिमीटर जाडी आणि घनमीटरला ४५ किलो घनता धरली, तर १६७ किलो फोम लागतो. उडालेला आणि छाटलेला माल धरून १९० किलोच्या आसपास. घनतेवर काटकसर करू नये. ३० किलोचा माल पत्र्याच्या पोटाला चालतो, पण ज्या गच्चीवर कुरडया, पापड आणि मिरच्या वाळत घालायला माणसं वावरणार, तिथे तो पायाखाली दबतो. घनमीटरला ८-१० किलोचा उघड्या पेशींचा फोम तर गच्चीवर नकोच. तो पाणी पितो.

यंत्रात दोन ड्रम असतात: ‘ए’ मध्ये एमडीआय हे आयसोसायनेट, ‘बी’ मध्ये पॉलीओल हे दुसरं मुख्य रसायन, उत्प्रेरक, आगरोधक आणि फुगवणारा वायू. दोन्ही समान घनफळाने, तापलेल्या नळ्यांतून, साधारण ७० ते १०० बार दाबाने गनच्या तोंडाशी भेटतात आणि काही सेकंदांत घट्ट होतात. बहुतेक बिघाड इथलेच. ‘ए’ जास्त पडलं तर फोम काचेसारखा ठिसूळ होतो. ‘बी’ जास्त पडलं तर मऊ, चिकट राहतो आणि महिनोन्‌महिने मासळीसारखा वास सुटतो. असा फोम खरवडून काढण्यावाचून इलाज नाही. एका फवाऱ्यात दोन इंचांपेक्षा जास्त थर दिला तर आतली उष्णता बाहेर पडत नाही. मधला भाग करपतो, क्वचित पेटतोही. म्हणून थर पातळ द्यायचे आणि प्रत्येक थर निवल्यावर पुढचा. पृष्ठभाग ओला असेल तर फोम चिकटत नाही, फुगून सुटतो. डिसेंबरात पत्र्यावरचं दव वाळेपर्यंत थांबावं, एप्रिल-मे मध्ये वळवाचं आभाळ भरण्याआधी सकाळीच आटपावं आणि वारा सुटला असेल तर काम बंद ठेवावं, नाहीतर शेजाऱ्याच्या गाडीवर ठिपके बसतात आणि ते निघत नाहीत. खिडकीच्या चौकटीला वापरतात तो ७५० मिलिलिटरचा कॅन निराळा: तो हवेतल्या दमटपणावर सुकतो, म्हणून तिथे जागेवर उलट थोडं पाणी शिंपडतात.

फुगवणाऱ्या वायूचा इतिहास जुने माहितीपत्रक वाचताना उपयोगी पडतो. आधी ओझोनचा थर विरळ करणारा सीएफसी-११ वापरत. तो थर वाचवण्यासाठी १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला, भारतात सीएफसी २०१० पर्यंत बंद झाले आणि त्याजागी आलेलं एचसीएफसी-१४१बी १ जानेवारी २०२० पासून बंद झालं. आता एचएफओसारखे ओझोनला न खाणारे वायू किंवा नुसतं पाणी. पाण्याने फुगवलेल्या फोममधला कार्बन डायऑक्साइड हळूहळू निघून जातो आणि निरोधक ताकद घटते, त्यामुळे जुन्या वायूवरचे आकडे त्याला लावू नयेत.

आयसोसायनेट म्हटलं की भोपाळ आठवतं. १९८४ मध्ये गळलेलं मिथाइल आयसोसायनेट ३९ अंशांना उकळतं. एमडीआय साध्या तापमानाला जवळजवळ वाफ होत नाही. पण गनमधून ते तुषार होऊन उडतं आणि छातीत गेलं तर कायमची ॲलर्जी बसू शकते, मग पुढे थोड्याशा संपर्कानेही दमा उसळतो. फवारणाऱ्याला बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा हवा. नाकाला रुमाल बांधून काम करणारा कारागीर दिसला तर काम थांबवा. घरातल्यांनी किमान चोवीस तास बाहेर राहावं आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

आगीच्या बाबतीत सवलत नाही. आगरोधक घातलेला फोमही मोठ्या जाळात जळतो, आणि धुरात कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन सायनाइड असतात. खोलीत उघडा दिसणारा फोम १२.५ मिलिमीटर जिप्सम बोर्डाने किंवा गिलाव्याने झाकावा. चुलीच्या किंवा गिझरच्या धुराड्याजवळ तो नको. वायरी फोममध्ये गाडल्या तर गरम राहतात. त्या पाइपात घालून फोमच्या बाहेरून न्याव्यात आणि मग फवारावं.

राहिले पत्रा आणि कौल. पत्र्याखालच्या फोमचा उपयोग घाम आणि आवाज दोन्हींवर होतो, पण आधी हूक बोल्ट आणि स्क्रूचे वॉशर बदलून एक पाऊस गळती तपासावी. नाहीतर पाणी फोममागे फिरत राहतं, गळती नेमकी कुठे ते दिसत नाही आणि लाकडी वासा आतून कुजतो. जुना ॲस्बेस्टॉसचा पत्रा तारेच्या ब्रशने घासायचा नाही. फोम बसलेला पत्रा भंगारवाला कमी भावाने घेतो, हेही धरून चालावं. कौलांच्या पोटाला मात्र फवारूच नये: एक कौल फुटलं तर शेजारची चार सोबत निघतात, रिपा वाळत नाहीत, आणि गगनबावड्याकडच्या पाच हजार मिलिमीटरच्या वरच्या पावसात तर छप्पर आतून सडतं. तिथे वाशांखाली हवेची पोकळी ठेवून छताचा बोर्ड बरा.

गच्चीवरचा फोम उन्हात पिवळा पडून भुगा होतो, म्हणून दोन-तीन दिवसांच्या आत त्यावर ॲक्रिलिक, सिलिकॉन किंवा पॉलीयुरियाचा लेप हवा. वावर असेल तर कापड अंथरून वर जाळीसह ४० मिलिमीटर कोबा, पाण्याच्या उतारासह. काम संपताना प्रत्येक दहा फुटांवर सुई टोचून जाडी मोजावी, छिद्रं पॉलीयुरेथेन (पीयू) सीलंटने भरून घ्यावीत आणि मोजलेल्या सरासरीवर पैसे द्यावेत, ठरलेल्या जाडीवर नव्हे.