अनुभवी निर्मात्यांचे ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम स्टुडिओ

मोठ्या कंपनीत वर्षानुवर्षे ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम घडवलेली आणि चालवलेली माणसे नोकरी सोडून एकत्र येतात आणि त्याच जातीचा नवा गेम करण्यासाठी स्वतःचा स्टुडिओ काढतात. गेम उद्योगात ही प्रथा पंचवीस वर्षांहून जुनी आहे. अशा गेममध्ये हजारो खेळाडू एकाच काल्पनिक जगात आपापले सोंग घेऊन वावरतात. कोणी तलवारबाज, कोणी वैद्य, कोणी लोहार. खेळाडू गेम बंद करून झोपला तरी ते जग चालूच राहते. या एका गोष्टीमुळे हा धंदा बाकीच्या गेमच्या धंद्याहून वेगळा पडतो आणि त्यात मुरलेल्या माणसांना मोल येते.

बेळगावच्या वाचकाला ही प्रथा समजून घ्यायला लांब जावे लागत नाही. उद्यमबागेत किंवा मच्छेच्या औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीत पंधरा-वीस वर्षे काढलेला फोरमन एखादा पॅटर्नमेकर आणि दोन मोल्डर सोबत घेऊन भाड्याच्या शेडमध्ये स्वतःचे काम सुरू करतो, तेव्हा त्याच्यापाशी भांडवल थोडे असते. पण वाळूत ओल किती हवी, रस केव्हा ओतायचा, कोणता कोअर कुठे फुटतो हे त्याच्या हाताला ठाऊक असते. गेम स्टुडिओ काढणारे जुने लोक असेच हातातले ज्ञान घेऊन बाहेर पडतात. फरक एवढाच की फाउंड्रीचे कास्टिंग गाडीत चढले की काम संपते; ऑनलाइन गेमचे खरे काम तो बाजारात आल्यावर सुरू होते.

या प्रथेचे फळ सीमाभागातल्या पोरांनी नकळत चाखलेले आहे. 2018 पासून गल्लीतल्या कट्ट्यांवर जो पब्जी खेळला गेला, त्याची मूळ कंपनी ब्लूहोल ही 2007 मध्ये दक्षिण कोरियात स्थापन झाली. तिच्या पहिल्या फळीत एनसीसॉफ्ट कंपनीत ‘लिनिएज’ मालिकेच्या नव्या गेमवर काम केलेली मंडळी होती. त्यांनी आधी ‘टेरा’ हा ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम केला, तो 2011 मध्ये कोरियात सुरू झाला. पब्जी पुढे 2017 मध्ये आला आणि त्याच्या यशानंतर कंपन्यांचा हा समूह क्राफ्टन नावाने ओळखला जाऊ लागला. बाहेर पडताना हातातले कसब नेता येते, कंपनीची कागदपत्रे नेता येत नाहीत, हा धडाही याच प्रकरणातून मिळतो. व्यापारी गुपितांवरून एनसीसॉफ्ट आणि ब्लूहोल यांच्यात मोठी कोर्टकचेरी झाली.

पहिली पिढी

या खेळांचा पूर्वज म्हणजे इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी 1978 मध्ये सुरू केलेला ‘मड’. त्यात चित्रे नव्हती, सगळा व्यवहार अक्षरांतून चाले. चित्रांसह हजारो खेळाडूंना एकत्र आणणारे गेम दोन दशकांनी आले: ओरिजिन कंपनीचा ‘अल्टिमा ऑनलाइन’ (1997), कोरियातला ‘लिनिएज’ (1998), ‘एव्हरक्वेस्ट’ (1999) आणि ‘डार्क एज ऑफ कॅमलॉट’ (2001). जग बांधणे आणि ते रोज सांभाळणे ही दोन्ही कामे केलेली माणसे मोठ्या संख्येने या गेममुळे तयार झाली. 2004 च्या नोव्हेंबरमध्ये ब्लिझर्ड कंपनीचा ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ आला आणि 2010 पर्यंत त्याचे वर्गणीदार 1 कोटी 20 लाखांवर पोहोचले. त्यानंतर गुंतवणूकदारांना जुने अनुभवी निर्माते हवेहवेसे झाले.

अनुभव म्हणजे नेमके काय

या नोंदीतला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. चित्रकार, प्रोग्रामर, संगीतकार कोणत्याही गेमला लागतात. चालू जगाचे ज्ञान मात्र दुसऱ्या कुठल्या कामातून मिळत नाही.

त्यात पहिली येते अर्थव्यवस्था. राक्षस मारला की खेळाडूला नाणी मिळतात. ही नाणी शून्यातून येतात. म्हणजे जितके खेळाडू जास्त आणि जितके तास ते खेळतील, तितका पैसा जगात ओतला जातो. तो बाहेर जाण्याची वाट नसेल तर काही महिन्यांत साध्या तलवारीची किंमत नव्या खेळाडूच्या आवाक्याबाहेर जाते आणि नवे लोक येणे थांबते. म्हणून हत्यारांची दुरुस्ती, घराचे भाडे, प्रवासाचे शुल्क, बाजारातली दलाली अशा मोऱ्या मुद्दाम ठेवाव्या लागतात. या मोऱ्या किती रुंद असाव्यात हे पुस्तकातून कळत नाही. ज्याने एकदा स्वतःच्या जगात महागाई भडकलेली पाहिली आहे, तो पहिल्याच आराखड्यात ती मोजून ठेवतो.

‘अल्टिमा ऑनलाइन’ची परिसंस्था हे याहून बोलके उदाहरण आहे. रॅफ कॉस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या जगात गवत, ससे, लांडगे यांची साखळी बसवली होती. ससे कमी झाले की लांडगे भुकेने दुसरीकडे वळतील, अशी कल्पना होती. खेळाडू आत आले आणि दिसेल तो प्राणी मारत सुटले. साखळी रुजण्याआधीच संपली आणि ती व्यवस्था काढून टाकावी लागली. कल्पना सुंदर होती. माणसे मोकळी सोडली की काय करतात, हे मात्र त्या दिवसापर्यंत कोणी इतक्या मोठ्या प्रमाणावर पाहिलेले नव्हते. कॉस्टर यांनी पुढे 2019 च्या सुमारास प्लेएबल वर्ल्ड्स हा स्टुडिओ उभा केला आणि ‘स्टार्स रीच’ या गेममध्ये जिवंत, बदलत्या जगाचे तेच स्वप्न पुन्हा हाती घेतले. वीस वर्षांनी तोच साचा पुन्हा वाळूत बसवण्याची ही जिद्द या प्रथेमागची खरी ओढ आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

खेळाडूंचा स्वभाव ओळखणे हा दुसरा भाग. बार्टल यांनी 1996 मध्ये खेळाडूंचे चार प्रकार मांडले: पराक्रम जमवणारे, जग धुंडाळणारे, गप्पा आणि मैत्रीसाठी येणारे आणि दुसऱ्यांवर कुरघोडी करणारे. चौथ्या प्रकाराला मोकळे रान दिले तर तिसरा प्रकार निघून जातो आणि तो गेला की जग ओस पडते. शिवाय खेळाडू नव्या मोहिमा संपवतात त्याचा वेग त्या तयार करण्याच्या वेगापेक्षा नेहमीच जास्त असतो. सहा महिने खपून रचलेली मोहीम आठवड्याभरात फत्ते होते.

बेळगावात दिवाळीला गल्लोगल्ली मातीचे किल्ले होतात. बुरूज उभे करणे दोन-चार रात्रींचे काम. पण त्यावर पेरलेले अळीव हिरवे ठेवायचे, रोज पाणी शिंपडायचे, ढासळलेला तट लिंपायचा, बघायला आलेल्यांना माहिती सांगायची, रात्री राखण करायची, हे सगळे त्यानंतरच असते. हे ज्याने केले आहे त्याला ‘लाइव्ह ऑपरेशन्स’ (चालू गेमची रोजची देखभाल) या शब्दाचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

गाजलेले प्रयत्न

2000 मध्ये माइक ओब्रायन, जेफ स्ट्रेन आणि पॅट्रिक वायट हे तिघे ब्लिझर्डमधून बाहेर पडले आणि त्यांनी अरीनानेट स्थापन केली. ओब्रायन यांनी ब्लिझर्डची बॅटल-नेट ही ऑनलाइन सेवा घडवली होती. त्या अनुभवातून त्यांनी 2005 च्या ‘गिल्ड वॉर्स’मध्ये धाडसी निर्णय घेतला: गेम एकदा विकत घ्या, दरमहा वर्गणी नाही. त्या काळी ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ला महिन्याला 14.99 डॉलर मोजावे लागत. हा स्टुडिओ टिकला आणि 2012 मध्ये त्याने ‘गिल्ड वॉर्स 2’ आणला. अनुभवाचा सर्वांत चांगला उपयोग इथे झालेला दिसतो, कारण त्यांनी जुन्या गेमची नक्कल केली नाही; सर्व्हरचा खर्च कुठे होतो हे ठाऊक असल्यामुळे खर्चाची रचनाच बदलली.

ब्रॅड मॅकक्वेड यांची कहाणी मनाला चटका लावते. ‘एव्हरक्वेस्ट’च्या प्रमुख निर्मात्यांपैकी एक असलेल्या मॅकक्वेड यांनी जेफ बटलर यांच्यासह 2002 मध्ये सिजिल हा स्टुडिओ काढला. त्यांचा ‘व्हॅनगार्ड’ प्रचंड विस्ताराचा, अखंड जगाचा गेम होता. जानेवारी 2007 मध्ये तो अपुरा, अडखळत बाजारात आला. मे महिन्यात कर्मचाऱ्यांना इमारतीबाहेरच्या पार्किंगमध्ये जमवून स्टुडिओ संपल्याचे सांगण्यात आले. गेम सोनीच्या कंपनीकडे गेला आणि 2014 मध्ये कायमचा बंद झाला. त्याच वर्षी मॅकक्वेड यांनी ‘पँथिऑन’ या नव्या गेमसाठी लोकवर्गणी मागितली. ठरवलेली 8 लाख डॉलरची रक्कम जमली नाही, तरी काम थांबले नाही. नोव्हेंबर 2019 मध्ये त्यांचे निधन झाले. डिसेंबर 2024 मध्ये ‘पँथिऑन’ अर्ली ॲक्सेस स्वरूपात, म्हणजे पूर्ण होण्याआधीच, खेळाडूंपुढे आला, तो त्यांच्या मागे राहिलेल्या सहकाऱ्यांच्या हातून.

‘डायब्लो’ घडवणाऱ्या चौघांनी 2003 मध्ये ब्लिझर्ड सोडून फ्लॅगशिप उभारली. तिचा ‘हेलगेट: लंडन’ 2007 च्या अखेरीस आला आणि वर्षाच्या आत कंपनी कोसळली. त्यातल्या काहींनी लगेच रुनिक नावाचा छोटा स्टुडिओ काढून 2009 मध्ये ‘टॉर्चलाइट’ हा आटोपशीर, एकट्याने खेळायचा गेम केला, आणि तो चालला. ब्लिझर्डच्याच माणसांनी 2005 मध्ये काढलेल्या कार्बाइनला ‘वाइल्डस्टार’ करायला नऊ वर्षे लागली. तो 2014 मध्ये आला, 2018 मध्ये बंद झाला.

पैसा

सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही. वरचे बहुतेक स्टुडिओ कसबाच्या अभावी बुडाले नाहीत. चार-पाच वर्षे एक रुपयाही न येता शेकडो लोकांचा पगार द्यायचा, ही या धंद्याची मूळ अडचण आहे. गेम अर्धा झाला की खर्च शिखरावर असतो आणि नेमका तेव्हाच गुंतवणूकदाराचा धीर सुटतो. अमेरिकेतला सर्वांत दुःखद दाखला 38 स्टुडिओजचा. बेसबॉलपटू कर्ट शिलिंग यांनी 2006 मध्ये ती काढली आणि या क्षेत्रातले जाणते हात नेमले. ऱ्होड आयलंड राज्याने 2010 मध्ये तिच्या 7.5 कोटी डॉलरच्या कर्जाला हमी दिली. 2012 मध्ये दिवाळे निघाले, ऑनलाइन गेम प्रकाशित झालाच नाही आणि कर्जाचा भार करदात्यांवर आला.

2012 नंतर किकस्टार्टर या संकेतस्थळावरून लोकवर्गणी हा मार्ग रुळला. ‘डार्क एज ऑफ कॅमलॉट’ घडवणाऱ्या मार्क जेकब्स यांच्या ‘कॅमलॉट अनचेन्ड’ला 2013 मध्ये 22 लाख डॉलरहून अधिक रक्कम मिळाली, त्यानंतर दहा वर्षे उलटली तरी बांधणी चालूच राहिली. टॉड कोलमन आणि गॉर्डन वॉल्टन यांचा ‘क्रोफॉल’ 2015 मध्ये वर्गणीतून उभा राहिला, 2021 मध्ये सुरू झाला आणि 2022 च्या नोव्हेंबरमध्ये सर्व्हर बंद झाले. वर्गणी देणारा चाहता गुंतवणूकदारापेक्षा धीर धरतो, पण त्याच्याकडून मिळणारी रक्कम एवढ्या मोठ्या जगाला पुरत नाही.

सीमाभागाच्या दृष्टीने

बेळगावात विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय 1998 पासून आहे; गोगटे आणि शेषगिरी ही अभियांत्रिकी महाविद्यालये 1979 पासूनची. शिकलेली मुले मात्र एकाच महामार्गाच्या दोन टोकांना जातात, पुण्याला किंवा बेंगळूरला. गेमचे कामही तिथेच आहे. बेंगळूरात 1997 मध्ये ध्रुव इंटरॲक्टिव्ह ही गेम कंपनी सुरू झाली होती, पुण्यात युबिसॉफ्ट या फ्रेंच गेम कंपनीचा मोठा स्टुडिओ आहे, ‘राजी’ (2020) हा गेमही पुण्यातल्या छोट्या चमूने केला. म्हणजे दहा-पंधरा वर्षे मुरलेली आणि सणाला खानापूर, निपाणी, येळ्ळूरला घरी येणारी माणसे या भागात तयार होत आहेत. ‘जुनी जाणती माणसे नवा स्टुडिओ काढतात’ या प्रथेला लागणारा पहिला घटक तोच. कर्नाटक सरकारने ॲनिमेशन आणि गेमिंगसाठी 2012 पासून स्वतंत्र धोरण ठेवले आहे. 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायचे गेम बंद केले. पैज नसलेले रोल-प्लेइंग गेम त्या बंदीत येत नाहीत.

सर्व्हर कुठे आहे याला इथे फार महत्त्व आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. बेळगावहून सिंगापूर सरळ रेषेत साडेतीन हजार किलोमीटरच्या पुढे. म्हणजे तारा कितीही चांगल्या असल्या तरी जाऊन-येऊन किमान 35 मिलिसेकंद लागणारच, आणि प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट सहज लागतात. मुंबईसाठी हाच किमान आकडा 4 च्या आसपास येतो. तलवारीचा वार लागला की हुकला, हे या फरकात ठरते.

भाषेचा प्रश्न त्याहून जिव्हाळ्याचा. दुकानाच्या पाटीवरच्या मराठीसाठी 1956 पासून झगडणाऱ्या या भागात पडद्यावर तुटकी मराठी दिसली तर ती सलते. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर टंकली जाते पण दिसते आधी, आणि जोडाक्षरांचे आकार बदलतात. हे बदल करणारी यंत्रणा गेम इंजिनमध्ये (गेम ज्याच्यावर बांधतात त्या सॉफ्टवेअरमध्ये) नसेल तर ‘शिवाजी’ लिहिल्यावर वेलांटी सरकून ‘व’वर जाऊन बसते. युनिटी इंजिनच्या टेक्स्टमेश प्रो या प्रचलित साधनात हाच त्रास अनेक वर्षे राहिला. कन्नड ओत्ताक्षरांचीही (अक्षराखाली लिहायच्या जोडव्यंजनांची) तीच गत; आणि बेळगावच्या गिल्डमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या गटात, मराठी, कन्नड, उर्दू आणि कोकणी बोलणारे चौघे एकाच मोहिमेवर असणार, हे धरूनच चालावे लागते. 2023 मध्ये आलेल्या, मोफत आणि खुल्या गोडॉट 4 इंजिनमध्ये हार्फबझ ही अक्षरजुळणीची प्रणाली आत बसवलेली आहे. त्यात या दोन्ही लिप्या नीट उमटतात.