सी ड्राइव्ह पुन्हा उभा करायचा, तर…

"फायली सगळ्या शाबूत आहेत, विंडोज तेवढी नवीन टाकावी लागेल." दुरुस्तीच्या दुकानात हे वाक्य ऐकलं की हायसं वाटतं. फोटो वाचले, कागदपत्रं वाचली, मग गेलं काय? काय गेलं ते घरी आल्यावर कळतं.

आमच्याकडे ते गेल्या पावसाळ्यात कळलं. बायको घरून मराठी पुस्तकांची अक्षरजुळणी करते. एका सकाळी तिच्या संगणकातली एसएसडी, म्हणजे जिच्यावर विंडोज आणि सी ड्राइव्ह असतो ती डिस्क, दिसेनाशीच झाली. पुस्तकांच्या फायली दुसऱ्या डिस्कवर होत्या, त्यांना धक्का लागला नाही. पण युनिकोडच्या आधीच्या काळातले फॉण्ट, ते चालवणारं जुनं सॉफ्टवेअर आणि त्याच्या डोंगलचा (ते चालण्यासाठी संगणकाला जोडावी लागणारी चावी) ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ते उपकरण ओळखता यावं यासाठीचा छोटा प्रोग्रॅम, पानांच्या ठरवून ठेवलेल्या मांडण्या, प्रिंटरची जुळवलेली सेटिंग, शुद्धलेखन तपासण्यासाठी वर्षानुवर्षं भरत आणलेला शब्दांचा साठा, हे सगळं सी ड्राइव्हवर होतं. त्या सॉफ्टवेअरची सीडी शोधण्यातच दोन दिवस गेले. संगणक पूर्वीसारखा व्हायला सहा दिवस लागले, आणि शब्दांचा साठा परत आलाच नाही.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. सिस्टम ड्राइव्हचा बॅकअप म्हणजे त्या संगणकाच्या घडीचा बॅकअप, आणि त्याची पद्धत निवडताना परत आणण्याच्या दिवसापासून मागे यावं. डिस्क उडाली आहे, नवी डिस्क हातात आहे, आता पुढचे दोन तास मी काय करणार? याचं उत्तर ज्या पद्धतीत स्पष्ट मिळतं ती आपली.

पहिला विचार साधा असतो: सगळा सी ड्राइव्ह निवडायचा, कॉपी करायचा, बाहेरच्या डिस्कवर पेस्ट करायचा. हे का जमत नाही? एक कारण म्हणजे सिस्टमची डिस्क फक्त सी ड्राइव्हची नसते. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये ती डिस्क पाहा. सी च्या आधी साधारण १०० एमबीचा एक छोटा भाग दिसेल, त्याला अक्षर नसतं. तो ईएफआय सिस्टम पार्टिशन. बटण दाबल्यावर मदरबोर्ड आधी तिथे जातो आणि विंडोज सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम उचलतो. शेवटी बहुधा रिकव्हरीचा एक भाग असतो. सी ड्राइव्हमधली प्रत्येक फाइल नव्या डिस्कवर नेली, पण हा १०० एमबीचा भाग नेला नाही, तर त्या डिस्कवरून संगणक सुरू होणार नाही.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. विंडोज चालू असताना तिच्या काही फायली सतत उघड्या असतात आणि त्यांत लिहिणं चालू असतं. सगळ्या सेटिंगांची नोंद ठेवणारी रजिस्ट्री त्यांतलीच. समजा वाण्याची खतावणी तुम्ही उतरवून घेताय आणि तो त्याच वेळी तिच्यात लिहितोय. तुम्ही दहाव्या पानावर असताना त्याने तिसऱ्या पानावर जमा मांडली आणि चाळिसाव्या पानावर खर्च. तुमच्या प्रतीत खर्च येईल, जमा येणार नाही. म्हणजे तुमच्याकडे अशी खतावणी तयार होईल जी कोणत्याच क्षणी खरी नव्हती.

यावर विंडोजमध्ये एक्सपीच्या काळापासून एक सुंदर सोय आहे, व्हॉल्यूम शॅडो कॉपी. बॅकअपचं सॉफ्टवेअर मागणी करतं, तेव्हा विंडोज चालू प्रोग्रॅमना काही क्षण लिहिणं थांबवायला सांगते आणि तो क्षण पकडून ठेवते. पुढे कोणत्याही जागेवर नवं लिहायची वेळ आली की तिथला जुना मजकूर आधी बाजूला काढून ठेवला जातो, मग नवा लिहिला जातो. बॅकअप घेणाऱ्याला मात्र कायम त्या पकडलेल्या क्षणाचंच चित्र दिसतं. वाणी लिहीत राहतो, आणि तुम्हाला सकाळी नऊची खतावणी मिळते, अख्खी. म्हणून आज काम न थांबवता चालू विंडोजचा बॅकअप घेता येतो.

आता पद्धती. काही जण सिस्टमचा बॅकअप घेतच नाहीत. फायली जपतात आणि वेळ आली की नवी विंडोज टाकतात. ज्यांचं काम ब्राउझर आणि दोन-तीन प्रोग्रॅमवर भागतं त्यांच्यासाठी हे योग्य आहे, त्यांना मी दुसरं काही सुचवणार नाही. मॅकवाल्यांचंही साधारण असंच. २०२० च्या बिग सरपासून मॅकची मूळ प्रणाली एका सीलबंद भागात असते. तिची प्रत जपण्यापेक्षा ती नव्याने टाकावी आणि टाइम मशीन या मॅकच्याच बॅकअपवरून आपलं सगळं परत आणावं हाच तिथला रस्ता आहे.

क्लोन म्हणजे एका डिस्कची हुबेहूब दुसरी डिस्क. पहिली गेली तर दुसरी लावली की काम सुरू, यापेक्षा झटपट काहीच नाही. पण एका क्लोनला एक अख्खी डिस्क लागते आणि तिच्यावर एकच तारीख मावते. मंगळवारी व्हायरस शिरला, बुधवारी क्लोन घेतला, तर सोमवारचा निरोगी संगणक कायमचा गेला. छोट्या डिस्कवरून मोठीवर जायचं असेल तेव्हा क्लोन वापरावा. रोजच्या सुरक्षेसाठी माझा कौल इमेजला आहे.

इमेज म्हणजे डिस्कच्या सगळ्या भागांचा मिळून एका मोठ्या फाइलमध्ये बांधलेला गठ्ठा. तो नुसता उघडून संगणक चालत नाही, नव्या डिस्कवर उलगडावा लागतो. पण एका बाहेरच्या डिस्कवर असे अनेक गठ्ठे, अनेक तारखांचे, राहू शकतात. शिवाय इमेज डिस्कच्या आकाराची होत नाही. विंडोजची फाइल-व्यवस्था डिस्कचे ४ केबीचे खण पाडते आणि कोणता खण भरलेला, कोणता रिकामा याचा एक नकाशा ठेवते. प्रत्येक खणाला एक बिट. ५१२ जीबीच्या डिस्कवर असे सुमारे साडेबारा कोटी खण होतात, आणि त्यांचा नकाशा जेमतेम १६ एमबीचा. इमेज घेणारं सॉफ्टवेअर तो वाचून फक्त भरलेले खण उचलतं आणि ते दाबून लहान करतं. १२० जीबी भरलेला असेल आणि यूएसबी ३ वरची साधी हार्ड डिस्क सेकंदाला १०० एमबी लिहीत असेल, तर काम वीस मिनिटांचं. तीच डिस्क जुन्या यूएसबी २ च्या खाचेत लावली की तास जातो. निळ्या रंगाची खाच बहुधा यूएसबी ३ ची असते.

दर वेळी अख्खी इमेज घ्यायची गरज नाही. नंतरच्या वेळी फक्त बदललेले खण घेता येतात, आणि त्यात दोन प्रकार आहेत. इन्क्रिमेंटलमध्ये प्रत्येक बॅकअप आदल्या बॅकअपनंतरचा बदल घेतो: लहान असतो, पण साखळी तयार होते, आणि मधली एक कडी खराब झाली की तिच्यापुढचं सगळं निकामी. डिफरन्शियलमध्ये प्रत्येक बॅकअप पहिल्या पूर्ण इमेजनंतरचा सगळा बदल घेतो. जागा जास्त खातो, पण परत आणताना दोनच फायली लागतात. घरासाठी मी दुसरा निवडला: महिन्याला एक पूर्ण, दर रविवारी एक डिफरन्शियल.

नावांमुळे होणारी एक गल्लत इथेच दूर करायला हवी. विंडोज ११ मध्ये 'विंडोज बॅकअप' नावाचं ॲप आहे. ते तुमचे फोल्डर वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठ्यात पाठवतं (फुकटात ५ जीबी), सेटिंग जपतं आणि ॲपची यादी लक्षात ठेवतं. सीडीवरून टाकलेलं जुनं सॉफ्टवेअर ते परत आणत नाही. कंट्रोल पॅनेलमध्ये 'विंडोज ७' असं कंसात लिहिलेली बॅकअपची जुनी सोय अजून आहे आणि तिथून इमेज घेता येते, पण मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्येच तिचा विकास थांबवल्याचं जाहीर करून दुसऱ्या कंपन्यांची साधनं वापरायला सांगितलं. मोफत साधनांत तैवानच्या राष्ट्रीय संगणन केंद्रात घडलेलं क्लोनझिला अतिशय भरवशाचं आहे. त्याचे पडदे मात्र निव्वळ अक्षरांचे. मूळ डिस्क कोणती आणि लक्ष्य कोणती हे तिथे दोनदा वाचावं, कारण उलट निवड झाली तर चांगली डिस्क पुसली जाते.

आणि सिंक, म्हणजे एका जागचा बदल लगेच बाकीच्या जागांवरही उतरवणं, हा बॅकअप नव्हे. याचा सर्वांत मोठा धडा २७ जून २०१७ रोजी मेर्स्क या डॅनिश जहाज कंपनीला मिळाला. नॉटपेट्या नावाच्या घातक प्रोग्रॅमने तिचे जगभरातले संगणक काही तासांत पुसले. आपल्या न्हावाशेव्याला, जेएनपीटीतल्या तिच्या समूहाच्या टर्मिनलचं कामही ठप्प झालं. कोणी कोणत्या संगणकावर काय वापरायचं हे सांभाळणारे कंपनीचे दीडशेच्या आसपास सर्व्हर एकमेकांशी सतत सिंक होत असत. एक बंद पडला तर बाकीचे आहेत, असा हिशोब होता. सगळे एकदम पुसले जातील हे त्यात धरलेलं नव्हतं. वाचला तो एकच, घानामधला. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेल्यामुळे तो जाळ्यातून तुटलेला होता. त्यातला डेटा माणसांनी विमानाने इंग्लंडला नेला. त्यानंतर कंपनीने दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक पुन्हा उभे केले.

घरात याचा अर्थ सरळ आहे. बॅकअप झाला की डिस्कची वायर काढायची. खंडणी मागणारे व्हायरस विंडोजच्या शॅडो कॉपी शोधून पुसतात आणि जोडलेल्या प्रत्येक डिस्कवर हात मारतात. वायर काढलेल्या डिस्कपर्यंत त्यांना पोहोचता येत नाही.

ती डिस्क कोणती असावी? मी फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क घेतली, संगणकाच्या आत एसएसडी असली तरी. एसएसडी आणि पेन ड्राइव्ह माहिती साठवतात ती सूक्ष्म पेशींत अडकवलेल्या विद्युतभाराच्या रूपात, आणि वीज नसताना तो भार हळूहळू गळतो. उष्णतेत जास्त वेगाने. घरगुती एसएसडीसाठी जेडेक या संस्थेचं जे मानक आहे त्यात, लिहिण्याची पूर्ण क्षमता वापरून झालेल्या एसएसडीने ३० अंश सेल्सिअसला विजेविना एक वर्ष माहिती टिकवावी अशी अपेक्षा आहे. नवी एसएसडी याहून खूप जास्त टिकवते. पण चंद्रपूर-अकोल्याच्या मे महिन्यात बंद कपाटात किती अंश असतील, याचा विचार करून मी जुनी एसएसडी बॅकअपसाठी वापरणार नाही.

बिटलॉकर, म्हणजे अख्ख्या डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू असेल तर त्याची ४८ आकड्यांची रिकव्हरी की कागदावर लिहून घरातल्या कागदपत्रांत ठेवा. नवीन लॅपटॉपवर हे कुलूप बरेचदा आपोआप लागलेलं असतं, मालकाला पत्ताही नसतो. आणि चालू विंडोजमधून घेतलेल्या इमेजला हे कुलूप राहत नाही, म्हणून तिला वेगळा पासवर्ड द्या.

राहिली परीक्षा, आणि ती टाळण्याकडेच सगळ्यांचा कल असतो. बॅकअपच्या सॉफ्टवेअरमधून एक रेस्क्यू पेन ड्राइव्ह बनवा आणि काहीही बिघडलेलं नसताना संगणक त्यावरून सुरू करून पाहा. आमच्या लॅपटॉपवर मी हे केलं तेव्हा बाहेरची डिस्क दिसली, इमेज दिसली, पण आतली एसएसडीच दिसेना. काही नव्या इंटेल लॅपटॉपमध्ये एसएसडीच्या वाटेत इंटेलचा एक वेगळा कंट्रोलर असतो, आणि त्याचा ड्रायव्हर त्या पेन ड्राइव्हवर नव्हता. तो घालून पेन ड्राइव्ह पुन्हा बनवायला अर्धा तास लागला. खऱ्या अडचणीच्या दिवशी, दुसरा संगणक हाताशी नसताना, हे कसं झालं असतं?

बायकोच्या संगणकाची परीक्षा दिवाळीच्या सुट्टीत पूर्ण घेतली. तेवढ्याच आकाराची एक नवी एसएसडी आणली, चालू असलेली काढून बाजूला ठेवली, नवी बसवली आणि रविवारची इमेज तिच्यावर उलगडली. पंचवीस मिनिटं लागली. संगणक सुरू झाला, डोंगलचा दिवा लागला. तिने अर्धवट राहिलेलं प्रकरण उघडलं आणि 'ज्ञ' टाइप करून पाहिला. तो जिथे उमटायचा तिथेच उमटला.