देऊळ, मंदिर, तीर्थ, लेणे: शब्दांची पार्श्वभूमी

आज ‘देऊळ’ आणि ‘मंदिर’ सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. दोन्ही शब्द मुळात घराचेच, पण त्यांच्या वाटा वेगळ्या. संस्कृत ‘देवकुल’ म्हणजे देवाचे घर. प्राकृतात ‘क’ गळाला आणि ‘देउल’वरून देऊळ आले. त्याच रीतीने ‘राजकुल’चे राऊळ झाले. म्हणून जुन्या मराठीत राऊळ म्हणजे राजवाडाही आणि देऊळही. मंदिर मात्र संस्कृतातून जसेच्या तसे आले, आणि संस्कृतात त्याचा अर्थ नुसता निवास. हा जुना अर्थ अजून जिवंत आहे: विद्यामंदिर, नाट्यमंदिर, पुण्यातले बालगंधर्व रंगमंदिर. ‘रंगदेऊळ’ कुणी म्हणणार नाही, कारण देऊळ या शब्दातून देव काढताच येत नाही. लिहिताना आणखी एक: देवळात, देवळाला; ‘देऊळात’ नव्हे.

लेणे हाही राहण्याचाच शब्द, ‘लयन’पासून आलेला. क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याच्या नाशिकच्या शिलालेखात लेणे खोदवल्याची नोंद आहे आणि सोबत ‘पोढी’ म्हणजे पाण्याच्या टाक्यांचीही. भिक्षू तिथे राहत. पाण्यावाचून लेणे पुरे होत नसे. डोंगराने ल्यालेला दागिना म्हणून लेणे, ही व्युत्पत्ती गोड आहे, पण चुकीची. दागिन्याचा शब्द वेगळा. गुंफा म्हटले की नैसर्गिक विवरही त्यात येते, लेणे मात्र छिन्नीने कोरलेलेच. एक असेल तर लेणे, अनेक असतील तर लेणी.

सर्वांत जास्त गोंधळ तीर्थ आणि क्षेत्र यांत. तीर्थ ‘तॄ’ धातूपासून, तरून जाण्याचा. म्हणजे नदीचा उतार, घाट, पाणी. पुजारी पळीने तळहातावर घालतो तेही म्हणूनच तीर्थ. क्षेत्र म्हणजे शेत, सीमा असलेली जमीन. पंढरपूर क्षेत्र, चंद्रभागा तीर्थ, विठ्ठल देव. नामदेवांच्या अभंगातही हे तीन शब्द वेगवेगळे येतात. ‘तीर्थक्षेत्र’ या जोडशब्दाने ती सीमारेषा पुसली.

देवस्थानाचा वापर आता कागदोपत्री जास्त. सात-बाऱ्यावर ‘देवस्थान इनाम वर्ग 3’ दिसले तर ती जमीन देवाच्या नावे असते. पुजारी वहिवाटदार, मालक नव्हे. परवानगीवाचून ती विकता येत नाही. इथे ‘मंदिराची जमीन’ असे मोघम लिहिले की अर्थ सुटतो.