तळणीच्या ग्रहणापासून एच-अल्फाच्या चाकापर्यंत

तळणी हे मुंबई–नागपूर लोहमार्गावर धामणगाव आणि पुलगावच्या मधलं लहानसं स्टेशन. 22 जानेवारी 1898 रोजी इथे भर दुपारी खग्रास सूर्यग्रहण लागलं. ते टिपायला ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची मंडळी इंग्लंडहून तळणीला आली होती. त्यांत वॉल्टर आणि अ‍ॅनी माँडर हे दांपत्य होतं, जॉन एव्हरशेड होते. शेजारच्या पुलगावात न्यूऑल आणि कॅप्टन हिल्स यांनी आपली उपकरणं मांडली होती. एवढा समुद्रप्रवास, एवढं सामान, आणि खग्रास स्थिती मिळाली जेमतेम दोन मिनिटं.

हायड्रोजन-अल्फा (एच-अल्फा) फिल्टर, म्हणजे सूर्याचा एकच लाल रंग पार होऊ देणारा दुर्बिणीचा फिल्टर, ट्यून कसा करायचा असं कुणी विचारलं की मी आधी तळणीचं सांगतो. फिल्टरचं चाक आपण कशासाठी फिरवतो, ते त्या दोन मिनिटांतून कळतं.

सूर्याच्या लखलखीत थाळीवर वर्णगोलाचा पातळ थर असतो. त्याचा लाल रंग मुख्यतः हायड्रोजनच्या एच-अल्फा या एका रेषेचा, 6562.8 अँगस्ट्रॉम तरंगलांबीची (अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). इलेक्ट्रॉन तिसऱ्या पातळीवरून दुसऱ्या पातळीवर उतरला की हा प्रकाश निघतो. थाळीच्या उजेडात हा थर पार बुडून जातो. चंद्राने थाळी झाकली की दोन-चार सेकंद त्याच्या वर्णपटातल्या रेषा एकदम उजळतात. एव्हरशेड यांनी तळणीत हाच क्षण छायाचित्रात पकडला, आणि त्यात जंबुपार भागात, हायड्रोजनच्या रेषांची मालिका जिथे संपते त्याच्या पलीकडचा सलग प्रकाशही दिसला. पुढे हेच एव्हरशेड कोडाईकनालच्या वेधशाळेत आले आणि 1909 मध्ये सौरडागांतून बाहेर वाहणाऱ्या वायूचा शोध त्यांनी लावला. त्या नावाजलेल्या कामामागे आपल्या वऱ्हाडातलं एक स्टेशन आहे, हे इथल्या शाळांतून सांगितलं जायला हवं असं मला मनापासून वाटतं.

ग्रहणाची वाट न पाहण्याची युक्ती मात्र तळणीच्या तीस वर्षं आधीची. 18 ऑगस्ट 1868 च्या ग्रहणात गुंटूरला पियरे जान्सेन यांना सूर्याच्या कडेवरच्या ज्वालांच्या रेषा इतक्या ठळक दिसल्या की दुसऱ्या दिवशी, ग्रहण नसताना, त्यांनी त्या पुन्हा शोधून काढल्या. ऑक्टोबरमध्ये इंग्लंडात नॉर्मन लॉकियर यांनाही हे स्वतंत्रपणे साधलं. यामागचं तत्त्व साधं आहे. वर्णपटदर्शकात आकाशाचा उजेड सगळ्या रंगांत पसरून फिका होतो. ज्वालेचा प्रकाश मोजक्या रेषांतच असतो, तो फिका होत नाही. रंगांचा जितका अरुंद पट्टा निवडाल तितकी ज्वाला उठून दिसते. आजचा फिल्टरही याच तत्त्वावर चालतो.

पुढे 1890 च्या सुमारास हेल आणि देलांद्र यांनी एका रेषेच्या प्रकाशात सबंध सूर्याचं छायाचित्र घेणारं यंत्र केलं. कोडाईकनालला अशा यंत्राने एच-अल्फाच्या प्रतिमा 1912 पासून घेतल्या गेल्या. पण ही यंत्रं खोलीभर पसरणारी होती. 1930 च्या दशकात बर्नार लियो यांनी स्फटिकाच्या चकत्या आणि ध्रुवक (पोलरायझर) एकावर एक रचून खरा अरुंद फिल्टर बनवला. तापमान जराही हललं की त्याचा पट्टा सरकायचा, म्हणून तो ठरावीक तापमानावर राखावा लागे.

हौशी माणसाच्या हाती आला तो एटालॉन. त्याची कल्पना फाब्री आणि पेरो यांची, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची. दोन अतिशय सपाट, अर्धपारदर्शक काचा समांतर ठेवायच्या. मधली फट साधारण मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढी असली की कंगव्याच्या दातांसारखे, सुमारे दहा-दहा अँगस्ट्रॉमवर पट्टे पार होतात. दुसरा फिल्टर त्यातला एकच दात ठेवतो. डेव्हिड लंट यांच्या कोरोनाडो कंपनीने 2004 मध्ये आणलेल्या 40 मिलिमीटरच्या लहान दुर्बिणीने हे अनेकांच्या आवाक्यात आणलं.

ट्यूनिंग म्हणजे तो दात नेमका रेषेवर आणणं. एटालॉन तिरपा केला तर पट्टा फक्त निळ्या बाजूला सरकतो. बंद कप्प्यात हवेचा दाब वाढवला तर तांबड्या बाजूला. काही एटालॉनांत फटीऐवजी अभ्रकाची पातळ चकती असते; तो अभ्रकाचा एटालॉन तापवला तरी तांबड्याच बाजूला. एक अँगस्ट्रॉम चुकलात तर सेकंदाला सुमारे 46 किलोमीटर वेगाने आपल्याकडे येणारा किंवा दूर जाणारा वायू तुम्ही पाहत असता. म्हणून चाक हळू फिरवावं. थाळीवरच्या काळ्या तंतुरेषा, म्हणजे थाळीसमोर आलेल्या ज्वालाच, सगळ्यात गडद झाल्या की थांबावं. मग मुद्दाम थोडं इकडे-तिकडे करून बघावं, कारण वेगाने सुटलेली ज्वाला कधी कधी रेषेच्या बाजूलाच दिसते.

आमच्याकडे अडचण येते ती उन्हाळ्याची. अभ्रकाच्या फिल्टरमधला हीटर तापवू शकतो, थंड करू शकत नाही. मे महिन्यात सावलीतच पारा 45 अंशांवर जातो, आणि उन्हातली फिल्टरची डबी त्याहून तापते. मग पट्टा तांबड्याकडे अडकून बसतो आणि निळ्या बाजूला आणायला जागाच उरत नाही. त्यात काळी माती तापली की वावरावरची हवा उकळल्यासारखी हलते आणि तंतुरेषा विरघळून जातात. मी धुऱ्यावरच्या निंबाच्या सावलीत सामान ठेवतो आणि सकाळी साडेसहा ते साडेआठ एवढंच पाहतो. कार्तिकात पऱ्हाटी फुटलेली असते तेव्हा मात्र दुपारपर्यंत मजेत पाहता येतं.

चिखलदऱ्याला दुर्बीण नेणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. तिथली उंची सुमारे 1100 मीटर, तळणीच्या सपाटीपेक्षा हवेचा दाब कमी. फटीत उघडी हवा असलेल्या एटालॉनचा पट्टा तिथे साधारण 0.15 अँगस्ट्रॉम निळ्याकडे सरकतो. घरी लावलेली खूण तिथे चालत नाही. तिरपेपणा कमी करून पुन्हा तंतुरेषांवर यावं लागतं.