पेर-एरिक हेडलुंड आणि १९२८ची ५० किलोमीटर शर्यत

स्कीवरून लांब पल्ल्याच्या शर्यती म्हटल्या की त्या काळी नॉर्वेचंच नाव घेतलं जाई. १९२४ साली फ्रान्समधल्या शामोनीला पहिलं हिवाळी ऑलिंपिक झालं, तेव्हा ५० किलोमीटरमध्ये पहिले चारही नॉर्वेचे, थोरलीफ हॉग सर्वांत पुढे. स्वीडनच्या वाट्याला पाचवा क्रमांक आला. स्कीइंग जिथे शेतकऱ्या-लाकूडतोड्यांच्या रोजच्या जगण्याचा भाग होतं, त्या देशाला हे झोंबणारच.

पेर-एरिक हेडलुंडचा जन्म १८९७ मध्ये स्वीडनच्या दालार्ना प्रांतातल्या सेर्ना या गावचा. नॉर्वेच्या सीमेजवळचा हा मुलूख १६४४ पर्यंत नॉर्वेचाच होता.

१४ फेब्रुवारी १९२८ला स्वित्झर्लंडमधल्या सेंट मॉरिट्झमध्ये हिवाळी ऑलिंपिकची ५० किलोमीटरची शर्यत सुरू झाली तेव्हा सकाळचा गारठा होता. मग डोंगरावरून उष्ण वारा सुटला आणि पारा २५ अंशांपर्यंत चढला. बर्फ भिजून जड झाला. त्याच दिवशीची १० हजार मीटरची स्केटिंग शर्यत बर्फ वितळल्यामुळे अर्ध्यावर सोडून द्यावी लागली. अशा बर्फावर स्कीला कोणतं मेण लावलंय यावर सगळं अवलंबून असतं. सकाळच्या कोरड्या बर्फासाठी लावलेलं मेण दुपारच्या ओल्या बर्फात कामाचं राहत नाही.

हेडलुंडने ही शर्यत ४ तास ५२ मिनिटांत संपवली. दुसरा आलेला गुस्ताफ यॉन्सन त्याच्या १३ मिनिटांहून अधिक मागे होता आणि वोल्गर अँडरसन तिसरा. तिन्ही पदकं स्वीडनची! हवामानाने हेडलुंडला हात दिला असं म्हणणं मला पटत नाही. ऊन सगळ्यांच्याच डोक्यावर होतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्यातलं अंतर जेमतेम १६ सेकंदांचं असताना हा एकटाच एवढा पुढे निघून गेला. नॉर्वेचे स्कीपटू काही संपलेले नव्हते. तीनच दिवसांनी १८ किलोमीटरची तिन्ही पदकं त्यांनी नेली.

संघाचा निळा गणवेश बाजूला ठेवून हेडलुंड त्या दिवशी पांढऱ्या पोशाखात धावला होता. पुढे तोच रंग स्वीडिश स्कीपटूंचा झाला आणि १९७०च्या दशकापर्यंत टिकला.

त्याच हिवाळ्यात तो वासालोप्पेटही जिंकला. सेलेन ते मोरा ही ९० किलोमीटरची शर्यत, १९२२ पासूनची. शेवटी त्याने आणि स्वेन उटरस्ट्रोमने बरोबरच रेषा ओलांडायचं ठरवलं होतं, पण पंचांनी विजय हेडलुंडला दिला. १९३३ला इन्सब्रुकमध्ये स्कीइंगच्या जागतिक स्पर्धेत रिले पहिल्यांदा झाली, तेव्हा सुवर्ण जिंकणाऱ्या स्वीडिश चौकडीत हे दोघेही होते. हेडलुंड तोवर पस्तिशीत होता.