कामठी, सीताबर्डी, सदर : नागपूरच्या प्रोटेस्टंट मंडळीची पार्श्वभूमी

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातील सदर भागात, ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात, सहा चर्चसंस्थांनी आपापली जुनी ओळख विसर्जित केली आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे सीएनआय, अस्तित्वात आली. हा सोहळा नागपुरातच का, असे विचारले की गाव देशाच्या मध्यावर आहे, असे उत्तर मिळते. ते खोटे नाही. पण बिशपला, म्हणजे धर्मप्रांताच्या प्रमुख धर्मगुरूला, मानणारे आणि न मानणारे अशा दोन्ही परंपरा या शहरात पिढ्यान् पिढ्या शेजारी नांदल्या होत्या, हेही ध्यानात घ्यायला हवे. आजच्या नागपुरी मंडळीची, म्हणजे इथल्या प्रोटेस्टंट समाजाची, घडण त्या शेजारातूनच झाली आहे.

सुरुवात कामठीपासून करावी लागते. कन्हानच्या काठी १८२१ मध्ये इंग्रजांची छावणी वसली आणि तिथे मद्रास सैन्याच्या पलटणी आल्या. त्यांच्याबरोबर तामिळ आणि तेलुगू बोलणारे शिपाई, नोकरचाकर, त्यांची कुटुंबे आली; त्यांत काही ख्रिस्ती होती. त्यामुळे इथल्या सुरुवातीच्या प्रोटेस्टंट वस्तीची भाषा मराठी नव्हती. वऱ्हाडी-नागपुरी बोलणाऱ्या अनेक ख्रिस्ती घरांत दाक्षिणात्य आडनावे दिसतात, त्याचे नवल वाटायला नको.

मराठीतले काम सुरू झाले ते स्टीफन हिस्लॉप आल्यावर. १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडली. पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, नेमण्यात जमीनदारांचा हात नको, असे म्हणणारे साडेचारशेहून अधिक पाळक बाहेर पडले आणि त्यांनी फ्री चर्च स्थापन केले. या नव्या, हातात फारसे काही नसलेल्या चर्चने १८४५ मध्ये सत्तावीस वर्षांच्या हिस्लॉपला नागपूरला धाडले. कामठीच्या एका श्रद्धाळू लष्करी अधिकाऱ्याने मिशनसाठी पैसा देऊ केला होता. पुढे १८४७ मध्ये रॉबर्ट हंटर सोबतीला आले. हिस्लॉप सीताबर्डीला राहिले, मराठी शिकले आणि त्यांनी शाळा काढली.

तेव्हा नागपूर भोसल्यांचे होते, ही गोष्ट महत्त्वाची. इंग्रज रेसिडेंट, म्हणजे राजाच्या दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी, सीताबर्डीला बसत असला तरी राजाच्या प्रजेच्या घरगुती आणि धार्मिक बाबींत पडायची त्याची तयारी नव्हती. मिशनच्या शाळेतला बाबा पांडुरंग हा ब्राह्मण मुलगा बाप्तिस्मा मागायला आला, तेव्हा रेसिडेंटने त्याला राजाच्या ताब्यात देऊन टाकले. इंग्रजी सत्ता आणि मिशन म्हणजे एकाच नाण्याच्या दोन बाजू, असे सरसकट म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर आठवावा. तिसरे रघूजी डिसेंबर १८५३ मध्ये वारले आणि १८५४ मध्ये राज्य खालसा झाले, तेव्हाच परिस्थिती पालटली.

हिस्लॉपना दगडांचे वेड होते. नागपूरच्या आसपासचे खडक आणि जीवाश्म त्यांनी इतक्या बारकाईने गोळा केले की ‘हिस्लोपाइट’ या खनिजाला त्यांचे नाव मिळाले. गोंडांविषयीची त्यांची टिपणे मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी पुढे संपादित करून छापली. मरणही या वेडाच्या वाटेवरच आले. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टेंपल यांच्यासोबत ते टाकळघाटची शिळावर्तुळे पाहायला गेले होते. परतताना ते मागे राहिले आणि बोरीजवळच्या फुगलेल्या नाल्यात वाहून गेले. वय पुरते सेहेचाळीसही नव्हते. त्यांच्या नावाचे हिस्लॉप कॉलेज १८८३ मध्ये निघाले.

धर्मांतराच्या हिशेबाने पाहिले तर शाळेच्या हाती फार थोडे लागले. मुले इंग्रजी शिकली, नोकरीला लागली आणि हिंदूच राहिली. मंडळी वाढली ती निराळ्या वाटेने, शाळा आणि दवाखान्यांच्या भोवती. शिक्षक, कंपाउंडर, नर्सबाई, घरोघर जाणाऱ्या बायबलबाई अशी ही नोकरदारांची मंडळी होती. सीताबर्डीच्या म्युअर मेमोरियल हॉस्पिटलसारख्या मिशनच्या संस्थांनी या माणसांना पगार आणि प्रतिष्ठा दोन्ही दिले. कारभार मंडळीने निवडलेल्या वडीलजनांच्या हाती असे; त्यांची स्थानिक समिती म्हणजे सेशन, त्यावर अनेक मंडळ्यांची प्रेसबिटरी. बिशप नावाचा अधिकारी या व्यवस्थेत नव्हताच. १९२४ मध्ये हे सगळे युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात सामील झाले.

सदरकडची परंपरा अगदी वेगळी. तिथे साहेबांचे चर्च, सरकारी पगारावरचा धर्मगुरू म्हणजे चॅपलेन, इंग्रजी प्रार्थना. मध्य प्रांताची राजधानी म्हणून १९०३ मध्ये नागपूरला स्वतंत्र अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतला, धर्मप्रांत मिळाला आणि आयर चॅटरटन पहिले बिशप झाले. १९३० मध्ये इथले अँग्लिकन चर्च इंग्लंडच्या चर्चपासून कायद्याने वेगळे झाले. पुढे जॉन सादिक यांच्यासारखा भारतीय बिशप त्या आसनावर बसला.

दोन्हींकडच्या मराठी उपासनेला जोडणारा धागा म्हणजे कवी नारायण वामन टिळकांची भजने. टिळक नागपूरला बुटी या धनिक घराण्याच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम करत होते. इथून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका मिशनरीने त्यांच्या हाती नवा करार दिला. १८९५ मध्ये त्यांनी मुंबईला बाप्तिस्मा घेतला. टिळकांवर आमचाही थोडा हक्क आहे, असे नागपूरकर ख्रिस्ती म्हणतात ते यामुळे.

स्वातंत्र्यानंतर वातावरण तापले. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशात होते; त्या सरकारने न्यायमूर्ती नियोगींच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी केली. अहवाल १९५६ चा. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला याच शहरात बाबासाहेबांनी लाखो अनुयायांना बौद्ध धम्माची दीक्षा दिली. परदेशी आधारावर उभ्या असलेल्या मंडळीला आता आपण इथलेच आहोत हे कृतीतून दाखवणे भाग होते. हिस्लॉप कॉलेजचे प्राचार्य डेव्हिड मोझेस १९६१ मध्ये जागतिक चर्च परिषदेच्या अध्यक्षमंडळात निवडले गेले, तेही या काळातच.

एकीकरणाची बोलणी १९२९ मध्ये लखनौला सुरू झाली होती. चाळीस वर्षे लागली. अडत होते ते दोन ठिकाणी. एक, पाळकाला दीक्षा कोणी द्यायची? यावर तोडगा असा निघाला की सर्व परंपरांच्या पाळकांवर एकमेकांनी दीक्षेच्या रीतीने हात ठेवायचे, म्हणजे कोणाचीच जुनी दीक्षा खोटी ठरत नाही. दुसरे, बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला की समजत्या वयात? दोन्ही मान्य झाले. सीताबर्डीकडच्यांना बिशप स्वीकारावा लागला, सदरकरांना वडीलजनांबरोबर बसून कारभार करावा लागला. माझ्या मते जास्त सोडले ते सीताबर्डीने.

सगळे मात्र आले नाहीत. अमेरिकन मेथॉडिस्टांनी १९७० मध्येच, अगदी ऐन वेळी, माघार घेतली. मेकोसाबागेतले मेथॉडिस्ट चर्च म्हणूनच सीएनआयच्या बाहेर आहे. ते आणि सीएनआय, दोन्ही चर्चसंस्थांच्या ज्या राष्ट्रीय परिषदेचे सभासद आहेत तिचे मुख्यालय सिव्हिल लाइन्समध्ये आहे.